मार्टिन शोनगाउअर: रेषा, नक्कल आणि मूळ

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे मार्टिन शोनगाउअर. हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल ते दुसऱ्याच कुणाच्या तरी गोष्टीत. मायकेलअँजेलोच्या चरित्रात एक वाक्य येतं, की त्याने पोरवयात एका जर्मन चित्राची नक्कल केली. ड्यूररबद्दल वाचताना येतं, की तो तरुणपणी एका कलावंताला भेटायला गेला आणि पोचला तेव्हा तो कलावंत वारला होता. दोन्ही गोष्टींतला माणूस एकच, शोनगाउअर. म्हणजे कलेच्या इतिहासात त्याला जागा मिळाली ती पायरीची. पायरीवर पाय ठेवून लोक वर जातात, थांबत कुणी नाही. आज आपण तिथे थोडा वेळ थांबणार आहोत.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. शोनगाउअरच्या चित्रांच्या इतक्या नकला झाल्या, कारण नक्कल सोसेल अशीच रेषा त्याने घडवली होती. गाव बदललं, हात बदलला, तरी तिच्यातलं बरंचसं शाबूत राहतं. आणि हा मुद्दा आपल्याशी थेट संबंधित आहे. आपण युरोपची चित्रं पाहतो ती पुस्तकात आणि पडद्यावर. ‘मूळ चित्र आम्ही कुठे पाहिलंय’ ही एक खंत, खरं तर एक न्यूनगंड, आपल्या मनात कायम असतो. शोनगाउअरपाशी त्या न्यूनगंडाचं काय होतं, ते शेवटी पाहू.

आधी माणूस. शोनगाउअर कोलमारचा. अल्सास प्रांतातलं, ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातलं हे गाव आज फ्रान्समध्ये आहे; तेव्हा ते जर्मन साम्राज्यात होतं. जन्म साधारण 1450 च्या आसपासचा, नक्की वर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. वडील कास्पार हे सोनार, आउग्सबुर्गहून येऊन कोलमारला स्थायिक झालेले. भावांपैकी कास्पार, गेऑर्ग आणि पाउल सोनारकामात, लुडविग चित्रकार. 1465 मध्ये लाइपझिगच्या विद्यापीठात मार्टिनचं नाव नोंदलेलं दिसतं, पण पुढे तो चित्रकलेकडे वळला. 1473 हे साल असलेलं त्याचं गुलाबांच्या कुंजातल्या मेरीचं मोठं रंगीत चित्र आजही कोलमारमध्येच, डॉमिनिकन चर्चमध्ये आहे. शेवटच्या काळात तो ऱ्हाईनपलीकडच्या ब्रायझाखला गेला, तिथल्या मुख्य चर्चच्या भिंतींवर त्याने ‘अंतिम न्याय’ रंगवला, आणि 1491 मध्ये तिथेच वारला. चाळिशीच्या आसपासचं आयुष्य.

त्याची रंगीत चित्रं थोडीच उरली आहेत. कीर्ती पसरली ती तांब्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांमुळे, म्हणजे एनग्रेव्हिंगमुळे. अशी सुमारे 116 चित्रं त्याच्या नावावर आहेत. एकावरही साल नाही, पण खाली मधोमध एम, एस आणि त्यांच्यामध्ये एक क्रूसासारखी खूण असते. सुरुवातीच्या चित्रांत एमचे दोन पाय सरळ उभे आहेत, नंतरच्या चित्रांत ते तिरके होतात. कोणतं चित्र आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे ठरवताना अभ्यासक त्या एमच्या पायांकडे पाहतात.

आता हे काम होतं कसं, ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे ताम्रपट होते. राजा दान द्यायचा, मजकूर तांब्यावर कोरला जायचा, आणि तो तांब्यावरच वाचायचा असायचा. इथे उलट आहे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, पोलादी कोरणी तळहातात धरून पुढे ढकलत त्यात चर पाडायचे. वळण हवं असेल तर हातापेक्षा पत्राच फिरवायचा. चरांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. कागद चरातली शाई उचलतो. चित्र उलटं उमटतं, म्हणून सहीसुद्धा उलटी कोरावी लागते. कोरणी खोल गेली की रेषा जाड, उथळ राहिली की बारीक. खोडरबर नाही. एक चर चुकला तर तांबं घासून पुन्हा सपाट करायचं, एवढाच उपाय.

हे हत्यार मुळात सोनाराचं. भांड्यावर, दागिन्यावर नक्षी कोरणाऱ्या माणसाच्या हाताला ते सरावाचं असतं. शोनगाउअरच्या आधीच्या पिढीत याच ऱ्हाईनच्या वरच्या खोऱ्यात ई. एस. ही अक्षरं वापरणारा एक कलावंत होऊन गेला. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून त्याला ‘मास्टर ई. एस.’ म्हणतात. तीनशेहून जास्त चित्रं त्याची आहेत. त्याचं चित्र आणि शोनगाउअरचं चित्र शेजारी ठेवून पाहा. ई. एस.च्या कपड्यांच्या घड्या धातूच्या पत्र्यासारख्या वाटतात; सावलीसाठी छोटे छोटे तुटक फटकारे आहेत. शोनगाउअरकडे रेषा आकाराबरोबर वळते. दंड गोल असेल तर रेषा त्याला वळसा घालते. जिथे सावली गडद हवी तिथे पहिल्या रेषांवरून दुसऱ्या रेषा आडव्या जातात, आणि ते जाळं हळूहळू विरळ होत कोऱ्या कागदात मिसळतं. रंग नाही, राखाडी छटा नाही. आहे ती फक्त काळी शाई आणि तिच्यातलं अंतर. तरीही लोकर लोकरीसारखी आणि लोखंड लोखंडासारखं दिसतं. त्याने एका धूपदानीचं चित्र कोरलंय, चर्चमध्ये साखळीने धरून हलवतात तशी धूपदानी. माणूस नाही, प्रसंग नाही, नुसती वस्तू. सोनाराच्या पोराने आपल्या घराण्याच्या धंद्याला केलेला तो नमस्कार आहे असं आम्हाला वाटतं.

आता पडद्यावर पाहू त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र, ‘संत अँटनीचा छळ’. 1470 ते 1475 च्या सुमाराचं. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा हा तपस्वी, त्याला सैतानांनी कसं छळलं याच्या कथा युरोपभर सांगितल्या जात. शोनगाउअरने त्याला थेट हवेत उचललंय. भोवती सैतानांचं कडं. कुणी झग्याला लोंबकळतोय, कुणी हात ओढतोय, कुणी सोटा उगारलाय. एकाला खवले, एकाला काटे, एकाला वटवाघळासारखे पंख, एकाचं तोंड लांबट सोंडेसारखं. बारकाईने पाहिलं तर यातला कुठलाच अवयव काल्पनिक नाही. मासा, पक्षी, किडा, जनावर, सगळे कुठे ना कुठे पाहिलेले. फक्त जोडणी भलती. म्हणूनच ते खरे वाटतात.

आणि मधोमध अँटनीचा चेहरा. घाबरलेला नाही, चिडलेला नाही, देवाचा धावाही करत नाहीये. थकलेला, पण स्थिर. सगळ्या वळवळत्या रेषांच्या मध्ये त्याच्या झग्याच्या रेषा तेवढ्या लांब आणि शांत आहेत. चित्राचा अर्थ चेहऱ्यावर आहेच, पण त्याआधी तो रेषेच्या लांबीत आहे.

आणखी एक गोष्ट. मागे जवळजवळ काहीच नाही. खाली कोपऱ्यात खडकाचा एक तुकडा, बाकी कोरा कागद. आपला पाय टेकायलाही जागा नाही. कोरं सोडणं हे इथे कोरण्याइतकंच मोठं काम आहे.

हे चित्र त्या मुलखात कुणी पाहिलं असेल याचा विचार केला की ते आणखी जवळ येतं. कोलमारजवळच इझेनहाइमला अँटनीच्या नावाने चालणारा मठ होता. हे मठवासी एका भयंकर रोगाच्या रोग्यांची शुश्रूषा करत. त्या रोगाला लोक ‘संत अँटनीची आग’ म्हणत. बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. तशीच एक बुरशी तिकडे राय नावाच्या धान्यावर पडते. त्या पिठाची भाकरी खाल्ली की हातपाय जळल्यासारखे होत, काळे पडत, गळून जात, आणि भास होत. कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. याच मठाच्या प्रमुखासाठी, जाँ दॉर्लिएसाठी, शोनगाउअरने एक रंगीत वेदीचित्र केलेलं आहे. त्याचे भाग कोलमारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहेत. म्हणजे अँटनी हा त्याच्यासाठी पोथीतला पुरुष नव्हता. शरीराला चारी बाजूंनी काहीतरी ओरबाडतंय आणि माणूस तरीही शुद्धीवर आहे, हे दृश्य त्या भागातल्या लोकांना परकं नव्हतं. पुढे 1512 ते 1516 च्या दरम्यान ग्रूनेवाल्डने याच मठासाठी जे प्रचंड वेदीचित्र केलं, त्यातही अँटनीचा छळ आहेच.

आता मायकेलअँजेलो. हा छापील कागद फ्लॉरेन्सला पोचला. चरित्रकार कोंदिवी सांगतो की ग्रानाच्ची या मित्राने तो त्याला मिळवून दिला, आणि सैतानांचे रंग नीट यावेत म्हणून हा पोरगा मासळीबाजारात जाऊन माशांचे पंख आणि डोळे पाहून आला. वय बारा-तेरा. ते छोटं रंगीत चित्र आज टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथल्या किंबेल संग्रहालयात आहे, 2009 मध्ये तिथे आलं. ते मायकेलअँजेलोच्याच हातचं का, यावर काही जाणकारांनी शंका घेतली आहे, पण बऱ्याच जणांनी ते मान्य केलंय.

नेहमी सांगतात ते असं, की पोराने मूळ चित्र सुधारलं. काय सुधारलं? रंग भरले. एका सैतानाला माशाचे खवले चढवले. संताच्या डोक्याचा कल थोडा बदलला. आणि मागे निसर्ग घातला: खाली नदीचं खोरं, पाणी, दूरवर डोंगर. हात विलक्षण आहे, यात वाद नाही. पण आमचं मत विचाराल तर चित्राचं भय तिथेच कमी झालं. डोंगर आला की अंतर आलं, अंतर आलं की सैतान कुठल्या तरी एका ठिकाणी उडताहेत असं होतं, आणि आपण खाली सुरक्षित उभे. शोनगाउअरच्या कोऱ्या कागदात ही सोय नव्हती. शिकणाऱ्याने रेषा अचूक उचलली. कोरी जागा मात्र उचलता आली नाही. ती रिकामी दिसली, म्हणून भरली. शिकताना हे होतंच. पण शिष्य मोठा झाला म्हणून त्याची प्रत्येक भर ही सुधारणा ठरत नाही, एवढं आपण टीका करताना लक्षात ठेवायला हवं.

ड्यूररचं प्रकरण वेगळं आहे. तोही सोनाराचाच मुलगा, न्यूरेंबर्गचा, जन्म 1471. उमेदवारी संपवून फिरतीवर निघालेला हा तरुण 1492 मध्ये कोलमारला पोचला. शोनगाउअर आदल्या वर्षीच गेलेला. भावांनी त्याचं आगत-स्वागत केलं. लोक शोनगाउअरला ‘हुब्श मार्टिन’ म्हणत, म्हणजे देखणा मार्टिन. ड्यूररने त्याची रेखाटनं जपून ठेवली होती आणि त्यांवर स्वतःच्या हाताने नोंदी केल्या होत्या.

भेट झाली नाही याचं आपल्याला वाईट वाटतं. पण पाहा, शिकायचं राहिलं का? शोनगाउअरच्या ‘इजिप्तला पलायन’ या चित्रात एक विचित्र झाड आहे, ड्रॅगन वृक्ष. बुंधा सरळ आणि डोक्यावर पात्यांसारख्या पानांचे झुबके. कॅनरी बेटांकडचं हे झाड ऱ्हाईनकाठी उगवत नाही. तेच झाड ड्यूररच्या लाकडी ठशाच्या ‘पलायना’त येतं. जवळपास त्याच काळात ते बॉशच्या ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’ या चित्रात, डाव्या फळीवरही उभं आहे. एक झाड कागदावर बसून किती गावं फिरलं! गुरू गेला होता, पण त्याचा हात कागदावर होता, आणि त्याच्या रेषा मोजत पुढचा माणूस शिकू शकत होता. गुरूच्या पायाशी बसून शिकण्याची जी कल्पना आपल्या मनात घट्ट आहे, तिला इथे पहिला धक्का बसतो.

ड्यूरर पुढे गेला, हेही खरं. 1514 च्या ‘मेलेन्कोलिया’त त्याने तांब्यातून जो उजेड आणि अंधार काढला तो शोनगाउअरला साधला नव्हता. पण त्या चित्रात कोरा कागद कुठे सापडतो का बघा. जवळजवळ नाही. ड्यूररला सगळं सांगायचं असतं. शोनगाउअर काही सांगायचं ठेवतो.

हीच साखळी पुढे आपल्याकडेही पोचते, पण ड्यूररमार्गे. अबुल हसन या मोगल चित्रकाराने 1600 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या एका एनग्रेव्हिंगमधल्या संत जॉनची आकृती रेखाटली. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. फ्लॉरेन्सचा बारा-तेरा वर्षांचा पोर आणि मोगल दरबारातला तेरा वर्षांचा पोर, दोघंही छापील कागदासमोर बसलेले. दोघांनाही ‘मूळ’ पाहायला कुठे जावं लागलं नाही.

अर्थात नक्कल नेहमीच अशी निर्मळ नसते. इस्राएल फान मेकेनेम नावाचा एक कोरणारा त्याच काळात होऊन गेला. पाचशेहून अधिक चित्रं त्याने काढली आणि त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या चित्रांवरून. शोनगाउअरची कितीतरी चित्रं त्याने पुन्हा कोरली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. आज आपण याला सरळ चोरी म्हणू. तेव्हा तसा कायदा नव्हता, पण शोनगाउअर प्रत्येक पत्र्यावर न चुकता सही कोरत होता हे विसरू नका. चित्र हातातून सुटून जाणार, हे त्याला कळलेलं होतं. शेवटी टिकली ती रेषाच. मेकेनेमच्या नकलेत रेषांची संख्या जुळते, त्यांचा श्वास जुळत नाही. सावलीचं जाळं आहे, पण ते कागदात विरघळत नाही, मध्येच तुटतं.

आता एक अवघड भाग. तो टाळून नुसतं कौतुक केलं तर हे व्याख्यान अपुरं राहील. शोनगाउअरचं सगळ्यात मोठं एनग्रेव्हिंग म्हणजे ‘क्रूस वाहणारा ख्रिस्त’. सुमारे 29 बाय 43 सेंटिमीटर. त्या शतकाच्या मानाने हा पत्रा प्रचंड. माणसांची, घोड्यांची, कुत्र्यांची गर्दी डोंगराकडे चाललीय, आणि मध्ये ख्रिस्त क्रूसाखाली कोसळलाय. त्याचा चेहरा आपल्याकडे वळलेला आहे. गर्दीत एकटा तोच आपल्याकडे पाहतोय. रचना जबरदस्त आहे.

पण छळणाऱ्यांचे चेहरे पाहा. वाकडी नाकं, उघडी तोंडं, ओबडधोबड हसू. दुष्टपणा दाखवायला चेहरा विद्रूप करायचा, हा त्या काळचा ठरलेला साचा. आणि तो साचा निरागस नव्हता. मध्ययुगीन जर्मन मुलखातल्या ज्यूद्वेषाने त्याला आकार दिलेला होता. अँटनीच्या चित्रात सैतानांना विद्रूप करणं हे कल्पनेचं काम होतं. इथे माणसांना सैतान करणं चाललंय. आणि लक्षात घ्या, ज्या गुणामुळे झाडाचं चित्र गावोगाव गेलं, त्याच गुणामुळे हे चेहरेही गेले. उत्तम रेषा पूर्वग्रहालाही तितक्याच इमानाने वाहून नेते. म्हणून आमच्या मते मोठं असूनही हे चित्र अँटनीच्या चित्राच्या खालचं. तिथे शोनगाउअरने डोळ्यांनी पाहिलेलं जोडलं, इथे कानावर पडलेलं गिरवलं.

त्याला माणसं पाहता येत नव्हती असं मात्र नाही. बाजाराला निघालेलं शेतकरी कुटुंब त्याने कोरलंय, एकमेकांशी झोंबणारी सोनाराकडची दोन उमेदवार पोरंही. त्यांत थट्टा आहे, तिरस्कार नाही. दुकानातली ही पोरं त्याने लहानपणापासून पाहिलेली असणार. ओळखीच्या माणसाला विद्रूप करणं अवघड जातं, एवढाच त्याचा अर्थ.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. आपण मूळ पाहिलं नाही, मग आपल्याला बोलायचा अधिकार आहे का? भित्तिचित्राच्या बाबतीत ही शंका रास्त आहे. ब्रायझाखच्या भिंतीसमोर उभं राहिल्याशिवाय तिच्याबद्दल फार बोलू नये. पण एनग्रेव्हिंगला एकच एक मूळ नसतं. पत्रा असतो, आणि त्यावरून निघालेले अनेक कागद असतात. फ्लॉरेन्सला गेला तोही एक कागदच होता. पडद्यावरचं चित्र त्या कागदाची बरोबरी करत नाही, हेही सांगायला हवं. पत्र्याच्या कडेचा दाब, कागदाचा पोत, शाईचा किंचित उठाव, हे पडद्यावर येत नाही. पण शोनगाउअरने ज्यावर सगळा भरवसा ठेवला ती गोष्ट, म्हणजे रेषेची जागा, लांबी आणि वळण, ती आपल्यापर्यंत जवळजवळ पुरती पोचते. तेव्हा या माणसापुढे तरी न्यूनगंड बाजूला ठेवायला हरकत नाही. आपल्यासारख्या दूरच्या प्रेक्षकासाठीच ही कला घडली होती.

एक काम सुचवतो आणि थांबतो. ‘संत अँटनीचा छळ’ साधारण 30 बाय 22 सेंटिमीटर आहे, म्हणजे आपल्या नेहमीच्या ए-फोर कागदाएवढं. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर त्याची चांगली छायाचित्रं मिळतात. एक छापून घ्या, आकार जवळजवळ मूळ चित्राइतकाच राहील. मग भिंग घ्या, पेन्सिल घ्या, आणि एका सैतानाचा फक्त पंजा उतरवून पाहा. किती रेषा आहेत, कुठे थांबतात, कागद कुठे कोरा सोडलाय. एका पंजाला संध्याकाळ जाईल, पण तेवढं केल्यावर आज आम्ही बोललो त्यातलं काय पटतं आणि काय पटत नाही, ते तुम्हालाच सांगता येईल.